रिअल ॲम्बॅसडर्स, द

जाझ संगीतातील एक सहयोगी ध्वनिमुद्रिका व तिच्या मुळाशी असलेली संगीतिका. ज्येष्ठ ट्रंपेटवादक आणि गायक लूई आर्मस्ट्राँग (४ ऑगस्ट १९०१–६ जुलै १९७१) हा तिचा नायक व प्रमुख कलावंत. संगीतरचना पियानोवादक डेव्ह ब्रूबेक (६ डिसेंबर १९२०–५ डिसेंबर २०१२) याची असून गीते त्याने व त्याची पत्नी आयोला ब्रूबेक हिने मिळून लिहिली. ध्वनिमुद्रण सप्टेंबर व डिसेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्क येथे, कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरील ध्वनिमुद्रणगृहात झाले. हे ध्वनिमुद्रणगृह पूर्वीच्या एका चर्चच्या वास्तूत होते. ध्वनिमुद्रिका १९६२ मध्ये प्रकाशित झाली. जाझच्या इतिहासात तिचे स्थान केवळ संगीतगुणांवर ठरलेले नाही. ज्या कृष्णवर्णीय कलावंताला त्याच्या देशाने जगापुढे आपला सांस्कृतिक दूत म्हणून उभे केले, त्याला स्वदेशात मात्र पूर्ण नागरिकत्व नाकारले, त्या कलावंताने स्वतःच्या आवाजात या विसंगतीचा जाब विचारला, हे तिचे खरे महत्त्व होय.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शीतयुद्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना एक टीका सतत सतावीत होती. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या या राष्ट्राच्या दक्षिणेकडील राज्यांत गौरवर्णीय व कृष्णवर्णीय यांच्यासाठी शाळा, उपाहारगृहे, बसगाड्यांतील आसने, इतकेच नव्हे तर पाण्याचे नळही वेगळे होते. नव्याने स्वतंत्र होत असलेल्या आशिया-आफ्रिकेतील देशांत सोव्हिएट प्रचाराला यासारखे दुसरे साधन नव्हते. तेव्हा ज्या संगीताचा उगम कृष्णवर्णीयांत झाला होता, तेच संगीत परदेशी पाठवून या टीकेला उत्तर द्यावे, असे परराष्ट्रखात्याने ठरविले. १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या लघुलहरींवरून विलिस कोनोव्हर याचा जाझविषयक कार्यक्रम पूर्व युरोपातील घराघरांत ऐकला जाऊ लागला होताच. १९५६ मध्ये ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी याचा वाद्यवृंद सरकारी खर्चाने इराण, पाकिस्तान, लेबानन, सिरिया, तुर्कस्तान, यूगोस्लाव्हिया व ग्रीस या देशांत पाठविण्यात आला. परराष्ट्रखात्याच्या जाझ-दौऱ्यांची ही सुरुवात होय. त्याच वर्षी आर्मस्ट्राँगच्या यूरोपीय मैफलींची ‘ॲम्बॅसडर सॅच’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या वेष्टनावर तो राजनैतिक अधिकाऱ्याच्या पोशाखात, हाती कागदपत्रांची पेटी घेऊन उभा आहे. तोवर त्याने परराष्ट्रखात्यासाठी एकही दौरा केलेला नव्हता. पण ‘राजदूत’ ही उपाधी त्याला चिकटली ती कायमची.

आर्मस्ट्राँगची स्वतःची स्थिती या सुमारास चमत्कारिक होती. १९२० नंतरच्या दशकात ज्याने जाझमधील एकल वादनाला आकार दिला, ट्रंपेट व मानवी कंठ या दोहोंचीही भाषा बदलून टाकली, त्याच्याकडे तरुण कृष्णवर्णीय वादक आता संशयाने पाहू लागले होते. त्याचे रुंद हास्य, रुमालाने घाम टिपत केलेल्या गमती, गौरवर्णीय प्रेक्षकांना रिझविण्याची हातोटी यांत त्यांना जुन्या दास्याची छाया दिसे. १९४९ मध्ये गिलेस्पीने त्याच्यावर मळ्यावरील गुलामाच्या पठडीतला म्हणून जाहीर टीका केली होती (पुढे १९७९ च्या आत्मचरित्रात त्याने हे मत मोकळेपणाने मागे घेतले). या टीकेत तथ्याचा अंश नव्हता असे नाही. पण ती अपुरी होती. आर्मस्ट्राँगचा वाद्यवृंद मिश्रवर्णीय होता आणि १९५६ मध्ये लुइझिॲना राज्याने मिश्रवर्णीय कार्यक्रमांना कायद्याने बंदी केल्यावर त्याने आपल्या जन्मगावी, न्यू ऑर्लीअन्स येथे, वाजविण्याचे सोडून दिले.

सप्टेंबर १९५७ मध्ये हे मौन उघडपणे सुटले. आर्कॅन्सॉ राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना माध्यमिक शाळेत प्रवेश मिळू नये म्हणून गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने राज्याचे सैनिक उभे केले. आर्मस्ट्राँग तेव्हा नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्स या गावी होता. एका तरुण वार्ताहरापाशी त्याने राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर याच्या दुटप्पीपणावर व कचखाऊपणावर कडक शब्दांत टीका केली आणि अशा सरकारसाठी आपण सोव्हिएट संघाच्या दौऱ्यावर जाणार नाही, असे सांगितले. देशभरच्या वृत्तपत्रांत हे वक्तव्य छापून आले. कार्यक्रम रद्द होण्याची भीती असतानाही त्याने एक शब्दही मागे घेतला नाही. २४ सप्टेंबर रोजी आयझनहौअरने लिटल रॉकला केंद्रीय सेना पाठविली, तेव्हा आर्मस्ट्राँगने त्याचे तारेने अभिनंदनही केले.

तरीही तीन वर्षांनी तो परराष्ट्रखात्याच्या वतीने आफ्रिकेत गेला. ऑक्टोबर १९६० ते जानेवारी १९६१ या काळात झालेल्या या दौऱ्याच्या पहिल्या टप्प्याचा पुरस्कार पेप्सी-कोला कंपनीने केला होता. काँगोची राजधानी लिओपोल्डव्हिल (सध्याचे किन्शासा) येथे लोकांनी त्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवीत नेले. त्या मिरवणुकीची छायाचित्रे जगभर गाजली. त्या दिवसांत त्याच शहरात पदच्युत पंतप्रधान पात्रीस लुमुंबा आपल्या निवासस्थानी सैनिकांच्या वेढ्यात होता. १७ जानेवारी १९६१ रोजी त्याची हत्या झाली. वाद्यवृंदाच्या आड कोणते राजकारण चालले होते याची वादकांना कितपत कल्पना होती, हा प्रश्न या दौऱ्यांच्या इतिहासाला चिकटलेला आहे. गाण्याचा आनंद खरा होता आणि त्याचा होणारा वापरही खरा होता, एवढे मात्र निश्चित.

ब्रूबेकचा या विषयाशी संबंध अनुभवातून आला. १९५८ मध्ये त्याच्या चतुष्काने परराष्ट्रखात्यासाठी पोलंड, तुर्कस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, श्रीलंका (तत्कालीन सिलोन), इराण व इराक असा प्रदीर्घ दौरा केला. मुंबईच्या मुक्कामात सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर, तर मद्रास येथे मृदंगवादक पळनी सुब्रह्मण्यम पिळ्ळै यांच्याबरोबर झालेल्या सहवादनाची आठवण तो पुढे आवर्जून सांगत असे. तालाची गुंतागुंतीची आवर्तने सहज पेलणाऱ्या या कलावंतांचा त्याच्यावर ठसा उमटला होता. या दौऱ्यातून ‘जाझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया’ (१९५८) ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीतील अफगाणिस्तानातील भटक्या टोळ्यांवरून सुचलेली ‘नोमॅड’ ही रचना पुढे शब्दांसह प्रस्तुत संगीतिकेत आली. मात्र परदेशात मानवंदना घेऊन आलेल्या याच चतुष्काला स्वदेशात वेगळा अनुभव आला. १९६० च्या सुमारास दक्षिणेकडील महाविद्यालयांनी ठरविलेल्या पंचवीस कार्यक्रमांपैकी बहुतेक रद्द झाले. कारण एकच, चतुष्कातील मंद्रवादक यूजीन राइट हा कृष्णवर्णीय होता आणि त्याच्या जागी गौरवर्णीय वादक घेण्यास ब्रूबेकने नकार दिला.

या विषयावर आर्मस्ट्राँगला नायक कल्पून ब्रॉडवेसाठी संगीतिका लिहावी, हा विचार ब्रूबेक दांपत्याच्या मनात १९५६–५७ पासूनच घोळत होता. प्रारंभी तिचे नाव ‘वर्ल्ड, टेक अ हॉलिडे’ असे होते. अडचणी दोन होत्या. उपरोधाच्या आवरणाखालील वर्णभेदाचा विषय पाहून निर्माते मागे सरत. शिवाय आर्मस्ट्राँगचा व्यवस्थापक जो ग्लेझर याने त्याची वर्षातील बहुतेक रात्रींची मैफल आधीच ठरवून ठेवलेली असे. ब्रूबेकला ग्लेझरमार्फत दाद मिळेना, तेव्हा त्याने शिकागोतील हॉटेलात ठाण मांडून आर्मस्ट्राँगची प्रत्यक्ष गाठ घेतली. गीते पाहून आर्मस्ट्राँग खूश झाला. दौऱ्यात ध्वनिफीत ऐकून तो ती पाठ करी आणि ब्रूबेकने आपल्यासाठी ऑपेरा लिहिला आहे, असे अभिमानाने सांगे. जून १९५९ मध्ये इटलीतील स्पोलेतो येथे त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. साठीच्या उंबरठ्यावर, रोजचा प्रवास चालू असताना, वीसएक नवी गीते आत्मसात करणे हा त्याच्या दृष्टीने मोठाच खटाटोप होता.

संगीतिकेचे कथानक साधे, काहीसे प्रहसनवजा आहे. एक ज्येष्ठ ट्रंपेटवादक आपल्या वाद्यवृंदासह परराष्ट्रखात्याच्या दौऱ्यावर निघतो. परदेशी कसे वागावे, काय बोलू नये याचे धडे त्याला निघण्यापूर्वी मिळतात. आफ्रिकेतील टाल्गाला या नवस्वतंत्र (काल्पनिक) राष्ट्रात लोक त्यालाच अमेरिकेचा राजदूत समजतात. या राष्ट्रात वर्षातून एक दिवस सामाजिक उतरंड उलटी करून सामान्य माणसाला राजा करण्याची प्रथा आहे. तो मान नायकाकडे येतो. इतक्यात खरा राजदूत येऊन दाखल होतो आणि ‘खरा’ प्रतिनिधी कोण, हा शीर्षकातील प्रश्न उभा राहतो. सरकारच्या वतीने बोलणारा तो अधिकारी, की सरकारच्या सगळ्याच धोरणांना मान न देणारा, पण माणसांच्या वतीने गाणारा हा वादक? नायक व गायिका यांची प्रेमकथाही त्यात गुंफलेली आहे. तिचा धागा ध्वनिमुद्रिकेत नीटसा हाती लागत नाही, कारण निवेदन गाळून केवळ गीतेच तीत घेतली आहेत.

ध्वनिमुद्रणासाठी जमलेला कलावंतांचा मेळ असाधारण होता. आर्मस्ट्राँगबरोबर त्याच्या ‘ऑल स्टार्स’मधील ट्रमी यंग (ट्राँबोन), जो डॅरेन्सबर्ग (क्लॅरिनेट), बिली काइल (पियानो), डॅनी बार्सेलोना (ड्रम) इ. वादक होते. ब्रूबेककडून यूजीन राइट व ड्रमवादक जो मोरेल्लो हे आले. चतुष्काचा सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड मात्र यात नाही. नायिकेची गीते कार्मेन मॅक्रे हिने गायिली. डेव्ह लॅम्बर्ट, जॉन हेंड्रिक्स व ॲनी रॉस या गायनत्रयीने वृंदगानाचा भाग सांभाळला. वादकांच्या एकल वादनावर शब्द बसवून ते जसेच्या तसे गाण्याच्या प्रकारात ही त्रयी निष्णात होती. संगीताच्या संयोजनात ब्रूबेकचा भाऊ हॉवर्ड याचा हात होता, तर निर्मितीची बाजू टिओ मॅसेरो याने पाहिली. न्यू ऑर्लीअन्सची परंपरा, पश्चिम किनाऱ्यावरील अभ्यासू जाझ आणि बीबॉप-उत्तर गायन अशा तीन पिढ्यांच्या तीन रीती येथे एकत्र आल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आर्मस्ट्राँगने ड्यूक एलिंग्टनबरोबरही ध्वनिमुद्रण केले होते. परंतु तेथे दोन समवयस्क दिग्गज परस्परांच्या परिचयाच्या भूमीवर भेटले होते. येथे साठ वर्षांच्या वादकाला सर्वस्वी परकी स्वररचना व नवे शब्द पेलावयाचे होते.

या सगळ्यांत ‘दे से आय लुक लाइक गॉड’ हे गीत वेगळे उठून दिसते. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिमेत घडविले, या बायबलमधील वचनाचा आधार घेऊन, मग देव काळा असू शकेल काय, असा प्रश्न त्यात नायक विचारतो. वर्णभेदाची तर्कदुष्टता हसण्यावारी उघडी पडावी, श्रोत्यांत खसखस पिकावी, या हेतूने ब्रूबेक दांपत्याने ते लिहिले होते. गायनत्रयीला मध्ययुगीन मठांतील एकपदरी प्रार्थनागायनाची चाल दिली होती आणि तिच्या मधल्या जागांत आर्मस्ट्राँगने ब्लूजच्या ढंगात उत्तरे द्यावयाची होती. त्याने ती उपरोधाने दिली नाहीत. विनोदासाठी ठेवलेल्या जागी त्याचा आवाज जड झाला, गाताना डोळ्यांत पाणी आले आणि गीताचा सारा रोख पालटला. रचनाकारांना अभिप्रेत नसलेला अर्थ गायकाने केवळ उच्चाराने निर्माण करावा, अशी उदाहरणे जाझमध्ये अनेक आहेत. परंतु त्या अर्थावर गायकाचा इतका वैयक्तिक हक्क असल्याचे उदाहरण विरळा. ब्रूबेकने हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे.

आर्मस्ट्राँगच्या कारकीर्दीत या गीताला एक पूर्वज आहे. फॅट्स वॉलर याच्या संगीतातील ‘ब्लॅक अँड ब्लू’ हे गीत त्याने १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केले. मूळच्या रंगभूमीवरील गीतातील वैयक्तिक दुःख बाजूला सारून त्याने त्याला समग्र वंशाच्या दुःखाचे रूप दिले होते. १९५६ मध्ये गोल्ड कोस्टची (घानाची) राजधानी आक्रा येथे क्वामे एन्क्रुमा समोर बसलेला असताना तो हे गीत गायिला. त्या प्रसंगाचे चित्रण ‘सॅच्मो द ग्रेट’ (१९५७) या अनुबोधपटात आहे. ज्याला हसरा विदूषक म्हणून हिणविले गेले, त्याच्या संगीतात हा गंभीर धागा तीस वर्षे अखंड होता, हे या दोन गीतांवरून ध्यानात येते.

संगीतकृती म्हणून ध्वनिमुद्रिका सलग उंचीची नाही. ‘कल्चरल एक्स्चेंज’सारखी उपरोधिक गीते तत्कालीन राजकीय संदर्भांनी इतकी भरलेली आहेत, की आजच्या श्रोत्याला त्यांची गंमत समजावून घ्यावी लागते. ब्रूबेकच्या चालींतील कोनाकोनांची वळणे व गायनत्रयीची वेगवान शब्दफेक आर्मस्ट्राँगच्या ऐसपैस लयीशी काही ठिकाणी जुळत नाहीत. ट्रंपेटचा भाग अपेक्षेपेक्षा थोडा आहे. ज्यांना आर्मस्ट्राँगचे वादनच ऐकावयाचे आहे त्यांनी अन्यत्र जावे. याउलट ‘समर साँग’ हे संथ गीत त्याच्या उत्तरायुष्यातील उत्कृष्ट गायनात गणले पाहिजे. वय झालेल्या, खरखरीत आवाजातील विसावा तेथे स्वररचनेला नेमका भेटला आहे. कार्मेन मॅक्रे हिच्याबरोबरच्या युगुलगीतांतही दोन भिन्न स्वभावांच्या गायकांचा संवाद अकृत्रिम वाटतो. स्वतः ब्रूबेक या साऱ्यात मागे राहिला आहे. आपल्या रचनेत दुसऱ्याला पुढे करण्याची ही वृत्ती लोकप्रियतेच्या ऐन भरात असलेल्या वादकाच्या ठिकाणी उल्लेखनीय मानावी लागेल. त्याची ‘टाइम आउट’ ही गाजलेली ध्वनिमुद्रिका केवळ दोन वर्षांपूर्वीची होती.

संगीतिका ब्रॉडवेवर कधीच आली नाही. मूळ कलावंतांच्या संचात तिचा एकच प्रयोग झाला, तोही मैफलीच्या स्वरूपात, २३ सप्टेंबर १९६२ रोजी कॅलिफोर्नियातील माँटरे जाझ महोत्सवात. निवेदन आयोलाने केले. ॲनी रॉसच्या जागी योलांड बावन ही मूळची श्रीलंकेची गायिका आली होती. उंच हॅट घालून व हाती राजदूताची पेटी घेऊन रंगमंचावर यावयास आर्मस्ट्राँग आधी तयार नव्हता. प्रत्यक्षात तो तसाच आला. सहा वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गंमत म्हणून घातलेला तो वेश होता. या प्रयोगात त्याचा अर्थ उलटला होता. श्रोत्यांनी प्रयोग डोक्यावर घेतला. त्याचे चित्रीकरण मात्र झाले नाही, आणि जाझच्या इतिहासातील हा एक महत्त्वाचा प्रसंग केवळ छायाचित्रांत व आठवणींत उरला. ध्वनिमुद्रिकेचा खपही बेताचाच झाला. पुढे, मे १९६४ मध्ये, ‘हॅलो, डॉली!’ या आर्मस्ट्राँगच्या खेळकर गीताने बीटल्सना मागे टाकून अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पहिले स्थान मिळविले आणि सर्वसामान्य श्रोत्यांच्या मनात त्याची तीच प्रतिमा दृढ झाली. ‘द रिअल ॲम्बॅसडर्स’ १९९४ मध्ये वाढीव स्वरूपात पुन्हा प्रकाशित झाली. २००२ मध्ये माँटरे येथे व २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये नव्या कलावंतांनी ती सादर केली.

ज्या प्रश्नाने ध्वनिमुद्रणगृहात आर्मस्ट्राँगचे डोळे भरून आले, तो त्याने पुढे एकदा गाण्याबाहेरही उच्चारला. मार्च १९६५ मध्ये ॲलाबॅमा राज्यातील सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी निर्घृण लाठीहल्ला केला, तेव्हा तो यूरोपच्या दौऱ्यावर कोपनहेगन येथे होता. खुद्द येशू काळा असता व मोर्चात चालला असता, तर त्यालाही या लोकांनी मारले असते, असे तो वार्ताहरांना म्हणाला. काही दिवसांनी पूर्व बर्लिनमध्ये पत्रकारांनी त्याला वर्णभेदावर बोलते करण्याचा प्रयत्न केला. साम्यवादी राजवटीच्या त्या व्यासपीठावर त्याने फारसे बोलणे टाळले. परंतु तेथील मैफलींत ‘ब्लॅक अँड ब्लू’ वाजविले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी, नागरी हक्कांचा कायदा संमत झाल्यानंतर, तो आपल्या मिश्रवर्णीय वाद्यवृंदासह न्यू ऑर्लीअन्सला परतला व नऊ वर्षांनी प्रथमच आपल्या जन्मगावी वाजविला.